डोकं बंद पडल्यावर कामाला आलेली ओआरएसची पुडी (४२ किमी ट्रेलनंतरचा रिव्ह्यू)

डिसेंबरमध्ये वेल्ह्याच्या बाजूला ४२ किमीची ट्रेल मॅरेथॉन (डोंगरवाटेवरची शर्यत) पळले. शूज, बॅग, घड्याळ यावर हजारो रुपये घातले होते, पण रिव्ह्यू लिहावासा वाटतोय तो मेडिकलमध्ये वीस-पंचवीस रुपयांत मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीचा.

२९ व्या किमीला डोंगराची एक लांब सोंड उतरून खाली आले आणि दगडावर बसले ते उठायचीच इच्छा होईना. पाय दुखत होते पण चालत होते, संपलं होतं ते डोकं. कट ऑफला (शर्यतीच्या वेळमर्यादेला) किती वेळ उरलाय ही साधी वजाबाकी तीनदा केली आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं, वाट दाखवणारी रिबन कुठे लावलीय ते समोर असून दिसेना, आणि एड स्टेशनवरच्या (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यावरच्या) काकांनी नुसतं "ताई, ठीक आहात ना?" विचारलं तर रडूच आलं. मी बिब (छातीवरचा नंबर) काढून देऊन शर्यत सोडणार होते. काका म्हणाले, आधी बसा, काहीतरी प्या-खा, पंधरा मिनिटांनी पण सोडायचंच असेल तर मी गाडी बोलावतो.

रोडवर पळताना डोकं थोडं मोकळं सोडता येतं, ट्रेलवर तसं नाही, घसाऱ्यावर प्रत्येक पाऊल बघून टाकायचं, सुटा दगड कुठला, कारवीत वाट कुठे वळते, पाच-सहा तास हे अखंड चालू असतं. २००९ मध्ये सामुएले मार्कोरा या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १६ जणांवर एक प्रयोग केला होता, आधी ९० मिनिटं कॉम्प्युटरवर एकाग्रतेचं काम आणि मग दमेपर्यंत सायकल. एरवी सरासरी ७५४ सेकंद टिकणारी हीच माणसं डोकं दमल्यावर ६४० सेकंदांतच थांबली, हृदय-स्नायूंचं काम ठीक होतं पण तेवढीच मेहनत जास्त जड वाटत होती. माझं तेच झालं होतं, आणि वर दीड तास काही खाल्लं नव्हतं, नुसतं साधं पाणी पीत होते.

आता पुडीबद्दल. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) फॉर्म्युल्यात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, बाकी पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. ग्लुकोज आणि सोडियम आतड्यातून जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्या मागे ओढलं जातं, सगळी करामत एवढीच. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच द्रावण ड्रममध्ये कालवून लोकांना पाजलं आणि असंख्य जीव वाचवले, मला दरवेळी पुडी फाडताना त्यांची आठवण येते.

चव खारट-गोडसर, दमलेल्या तोंडाला बरी लागते आणि एनर्जी जेलने होते तशी मळमळ झाली नाही. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते, हे एनर्जी ड्रिंक नाहीये. लांब पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब लागतात आणि इथे अख्ख्या लिटरमध्ये १३.५, त्यामुळे सोबत खायलाच हवं. मी मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि दोन चिक्क्या खाल्ल्या, म्हणजे फरक पडला त्याचं सगळं श्रेय पुडीला देता येणार नाही. आणि ओआरएस आहे म्हणून तहान नसताना ढोसत राहायचं नाही, जास्त प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं ते ओआरएसने पण थांबत नाही.

मापाचा घोळ मात्र आहे. मोठी पुडी एका लिटरची आणि आपले सॉफ्ट फ्लास्क (पळताना न्यायच्या मऊ बाटल्या) ५०० मिलीचे, अर्धी पुडी अंदाजाने टाकली तर द्रावण कमी-जास्त होतं. २०० मिलीची छोटी पुडी मिळते ती घ्या, मी फ्लास्कवर मार्करने ४०० ची रेघ मारलीय, तिथपर्यंत पाणी आणि दोन पुड्या. टेट्रापॅकमधली गोड सरबतं ओआरएस नावाने विकायला एफएसएसएआयने (अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली ते फार बरं झालं, तरी पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघूनच घ्या.

पंधरा मिनिटांनी वजाबाकी पुन्हा केली, बरोबर आली, कट ऑफला ५० मिनिटं हातात होती. काकांना म्हटलं, गाडी नको. पुढचे १३ किमी फक्त समोरच्या रिबनपर्यंत जायचं असं ठरवून गेले, रिबन आली की पुढची, खिंडीच्या चढावर तर मोठ्याने मोजत होते. ८ तास १० मिनिटांत पोचले. दुसऱ्या दिवशी आईने विचारलं बॅगेत एवढे रिकामे कागद कसले, मी म्हटलं ठेव, मोजायचेत अजून, पुढच्या वेळी किती न्यायच्या त्याचा हिशोब करायचाय.