बोरिवलीच्या जंगलात मुलांना घेऊन: कान्हेरी की शिलोंडा?

चार ते सात वर्षांची मुलं बरोबर असली की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चालण्यासाठी दोन नावं हमखास पुढे येतात: कान्हेरी लेणी आणि शिलोंडा ट्रेल. आम्ही दोन्हीकडे मुलांना नेलं आहे. आता कुणी विचारलं तर मी कुठलं नाव घेतो ते पुढे येईलच, पण आधी कान्हेरीबद्दल, कारण तिची बाजू कमजोर नाही.

मुख्य प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंतचे सहा-एक किलोमीटर बसने जाता येतं, म्हणजे पोरांचा दम चढणीसाठी शिल्लक राहतो. शंभराहून अधिक लेणी कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी जोडलेली आहेत. मोठ्यांना तिसऱ्या लेण्यातलं चैत्यगृह बघायचं असतं; आमची मुलं मात्र पाण्याच्या पोढ्यांपाशी, म्हणजे कातळातल्या टाक्यांपाशी, आणि भिक्खूंच्या दगडी ओट्यांपाशी रमली. "उशी कुठे ठेवायचे?" हा प्रश्न प्रत्येक विहारात झाला. आजी-आजोबा सोबत असतील तर मी आजही कान्हेरीच सुचवेन.

अडलं ते माकडांपाशी. लहान मूल चालतं ते खाऊवर. थोडं चाललं की भूक, बसलं की तहान. कान्हेरीत पिशवीची चेन वाजली की माकडं हजर होतात. येणारे-जाणारे वर्षानुवर्षं खायला घालत आले आहेत, त्यामुळे त्यांना माणसाची भीती उरलेली नाही. धाकटीच्या हातातला केळ्याचा तुकडा गेला तेव्हा तिला ओरखडा उठला नाही, पण त्यानंतर ती कडेवरून उतरायलाच तयार होईना. ज्या ठिकाणी पोराला निवांत बसवून दोन घास भरवता येत नाहीत, तिथे अर्धा दिवस काढणं अवघड जातं. इतर घरांचा अनुभव वेगळा असू शकतो. थोड्या मोठ्या मुलांना कदाचित यातच मजा वाटेल.

शिलोंड्याला आपल्या मनाने जाता येत नाही. परवानगी लागते, सोबत वाटाड्या असतो, आणि बिबट्याचं जंगल असल्यामुळे ते योग्यच आहे. मोठ्यांच्या गटात घुसलात तर मुलांची फरफट होते, म्हणून ओळखीची दोन-तीन कुटुंबं जमवून जावं. मग वाटाड्याही मुंग्यांच्या रांगेपाशी थांबू देतो. वाट मातीची, बरीचशी सपाट, आणि ओढ्याला धरून जाणारी. आम्ही गेलो तेव्हा ओढ्याकाठच्या खडकावर बसून डबे उघडले, कुणी हिसकावायला आलं नाही. धाकटी पोळीचा लाडू खात पाण्यात पाय सोडून बसली आणि परतीची सगळी वाट स्वतः चालली. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

भर पावसाळ्यात ओढ्याचा भरवसा नसतो, तेव्हा लहानांना नेऊ नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम: पाणी असतं, ऊन सोसवतं, वाटेवर मोठ्या कोळ्यांची जाळी दिसतात. कारवीच्या झुडपांचा बहर 2024 मध्ये येऊन गेला. ती आठ वर्षांनी फुलते, म्हणजे पुढचा 2032 च्या सुमारास. तेवढ्यासाठी थांबू नका. निसर्ग माहिती केंद्रात आधी चौकशी करा, मुलांची वयं स्पष्ट सांगा, आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्या.