तीन घड्यांची फोमची गादी: दिवाळी ते गणपती, दहा महिन्यांच्या वापरानंतर

डोंबिवलीतला वन बीएचके, हॉल १० × १५ फूट. पाहुण्यांसाठी घेतलेल्या तीन सिंगल गाद्या: प्रत्येकी ६ × ३ फूट, ४ इंच जाड, ४० डेन्सिटीचा फोम, तीन तुकड्यांत घडी होणाऱ्या. दिवाळी, मे महिन्याची सुट्टी आणि गणपती असे तिन्ही मोसम या गाद्यांवर काढून झाले. पुन्हा घ्यायच्या झाल्या तर याच घेऊ. मात्र पावसाळ्यात गादी किती टिकते हे तिच्याखाली काय अंथरलंय आणि सकाळी ती लगेच उचलली जाते की नाही, यावर ठरतं. म्हणून तो भाग जरा सविस्तर लिहितोय.

आधी फोम. लेबलवर ‘ऑर्थो’ छापलेलं असलं तरी आत काय भरलंय ते वजनावरून कळतं. ६ × ३ फूट आणि ४ इंच जाडी म्हणजे बरोबर ६ घनफूट. डेन्सिटीचा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. या हिशोबाने ३२ डेन्सिटीचा नुसता फोम साधारण ५.४ किलो भरायला हवा आणि ४० चा ६.८ किलो. खोळीचं वजन वेगळं. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा दुकानात घेऊन जा. खोळीसकट गादी चार किलोच्या आसपास भरली, तर आत बहुतेक ईपीई असतो, म्हणजे पॅकिंगला वापरतात तो पांढरा कडक फोम. पहिल्या रात्री तो पाठीला छान घट्ट वाटतो, पण आतले हवेचे कप्पे दबले की पुन्हा फुगत नाहीत आणि कमरेखाली कायमचा खळगा पडतो. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, हेही पक्कं लक्षात ठेवा. ४० चा फोम मऊही मिळतो. हा आकडा गादी किती दिवस आकार धरून राहील ते सांगतो. मऊ-कडक बघायचं तर गादीवर गुडघा टेकून त्यावर सगळा भार द्या. गुडघ्याला खालची लादी लागली तर ती गादी घेऊ नका. ऐंशी किलोच्या वरच्या माणसासाठी ४ ऐवजी ५ इंच घ्या.

दोन घड्यांची गादी स्वस्त पडते, पण तिचा जोड बरोबर ३ फुटांवर, म्हणजे झोपणाऱ्याच्या कमरेखाली येतो. सगळ्यात जास्त भार पडतो तिथेच फट. तीन घड्यांच्या गादीत जोड २ आणि ४ फुटांवर येतात. कंबर मधल्या तुकड्याच्या पोटावर राहते आणि रात्रभर जोड जाणवत नाही. खोळीला तीन कप्पे आणि तीन वेगळ्या चेन असलेलीच गादी बघा. एकच लांब चेन असली तर आतले तुकडे सरकतात, आणि एका कप्प्यावर चहा सांडला तरी सगळी खोळ उतरवावी लागते.

अंथरताना १० फुटी बाजूला तीन गाद्या लागून लावल्या की ९ फूट जातात. रात्री उठणाऱ्याला वाट उरावी म्हणून पायथ्याशी किमान दोन फूट मोकळे ठेवा आणि उशाची बाजू प्लगपॉइंटकडे घ्या. गुळगुळीत लादीवर गाद्या रात्रीतून सरकतात, आणि मधोमध झोपलेलं मूल हमखास फटीत जातं. गालिच्याखाली घालतात ती रबरी जाळी दोन हातभर लांबीची कापून गादीच्या दोन्ही टोकांखाली टाकली की हा त्रास थांबतो. दोन गाद्यांवर मिळून एकच ९० × १०८ इंची डबल चादर आडवी घालून कडा खाली खोचली, तर फट आणखी घट्ट बंद होते.

आता ओल. झोपलेल्या माणसाच्या अंगाची वाफ फोममधून खाली उतरते आणि गार लादीला लागून तिथेच तिचं पाणी होतं. भाद्रपदात हवाच इतकी दमट असते की ते सुकत नाही. सकाळी गादी उलटून मधल्या तुकड्याखाली हात फिरवा. खोळ गार आणि चिकट लागते. तशीच घडी करून पलंगाखाली सारली, तर तिसऱ्या दिवशी कुबट वास येतो आणि आठवड्याभरात शिवणीलगत काळे ठिपके, म्हणजे बुरशी दिसू लागते. खाली प्लॅस्टिकची चटई घालायचा सल्ला सगळे देतात आणि तोच सगळ्यात वाईट. पाणी चटईवर साचतं आणि खोळ त्यात भिजत राहते. काथ्याची जाड चटई उत्तम, कारण तिच्या विणीतून हवा खेळते. ती नसेल तर सुती सतरंजी. सतरंजी ओल स्वतः शोषून घेते, मात्र ती रोज वाळत टाकायला हवी. तळमजल्याच्या घरात जमिनीतूनच ओल येत असेल, तेवढ्यापुरतं सतरंजीच्या खाली प्लॅस्टिक चालेल.

सकाळी चादरी काढल्या की गादीची लगेच घडी करू नका. नागमोडी करून तिला तिच्या लांब कडेवर उभी करा, पडद्याची घडी उभी राहते तशी, आणि वर तासभर पंखा चालू ठेवा. तिन्ही तुकड्यांच्या दोन्ही बाजूंना हवा लागते. पाहुणे आंघोळी-नाश्ता करेपर्यंत काम होतं.

उन्हात मात्र घालू नका. कापसाच्या गादीला ऊन दाखवायचं हे आपल्या हाडात भिनलंय आणि कापसासाठी ते योग्यच आहे. फोमचं उलटं आहे. उन्हाने तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो आणि बोटाने चोळला तर भुगा होतो. फोमला वारा हवा, तोही सावलीतला.

लहान मुलं झोपणार असतील तर चादरीखाली ड्रायशीट घाला. तरीही ओलं झालंच, तर तो तुकडा बाहेर काढा, टॉवेलवर टॉवेल ठेवून हाताने दाबून पाणी काढा, पिळू नका. पिळल्याने फोम आतून फाटतो. पावसाळ्यात ४ इंचांचा तुकडा पंख्याखाली पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात, तेव्हा घाई नको.

खोळ थंड पाण्यात धुवा. सुती खोळ गरम पाण्यात आटली की फोमची टोकं होडीसारखी वर उचलली जातात. धुतलेली खोळ परत चढवताना फोम कापडाला धरून बसतो आणि जोर लावला की चेनच्या टोकाशी शिवण उसवते. उपाय सोपा आहे: तुकडा पातळ प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घाला, दाबून हवा काढा, खोळीत सरकवा आणि मग पिशवी ओढून बाहेर घ्या. एका माणसाला पाच मिनिटांत जमतं.

घडी केलेली गादी २ × ३ फूट आणि एक फूट उंच होते. कपाटाच्या बाजूला उभी ठेवा, वर जुनी सुती चादर झाका. तिच्यावर ब्लँकेटांची पेटी चढवली तर फोम दबलेलाच राहतो. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास फोममधून महिनोन्‌महिने जात नाही. पाहुण्यांच्या बॅगा गादीवर ठेवू देऊ नका. रात्रीच्या बसमधून आलेले ढेकूण बॅगेतून आधी शिवणीत आणि चेनच्या पट्टीत घुसतात. मंडळी गेल्यावर बॅटरी घेऊन त्या दोन जागा बघाव्यातच.

ही गादी गुडघेदुखी असलेल्यांसाठी नाही. ४ इंचांवरून उठणं म्हणजे जमिनीवरूनच उठणं. आजी-आजोबांना पलंग द्यावा, घरच्यांनी खाली झोपावं.

हवेची गादी एक-दोन रात्रींपुरती ठीक. नवीन असताना तिचं प्लॅस्टिक ताणतं आणि पहाटे गारव्याने आतली हवा आकसते, म्हणून न फुटताही ती सकाळी मऊ पडते. सोफा-कम-बेडचा जोड पाठीला लागतो आणि तो उघडला की हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. कापसाची गादी एका बाबतीत फोमच्या पुढेच आहे: दबली की पिंजून पुन्हा नवी करता येते. मात्र ती जड असते, तिची घडी नीट बसत नाही आणि पावसाळ्यात पिंजारी आणि ऊन दोन्ही मिळत नाहीत.

दहा महिन्यांनी तिन्ही गाद्यांवर आडवी फूटपट्टी धरून पाहिली. सगळ्यात जास्त वापरलेल्या गादीचा मधला तुकडा बाजूच्या दोघांपेक्षा पाव इंच दबलाय, बाकी दोन गाद्या सपाट आहेत. कप्पे वेगळे असल्याने तो तुकडा पायथ्याच्या कप्प्यात घातलाय आणि पायथ्याचा मधे आणलाय.