आईचं पुस्तक आणि मेन रोडच्या गल्लीतले बाईंडिंगवाले काका

नाशिकच्या मेन रोडवरून भद्रकालीकडे ज्या बारक्या गल्ल्या आत जातात त्यातल्या एका गल्लीत एक बाईंडिंगचं दुकान आहे, बोर्डावर मालकाचं नाव नाही, निळ्या पाटीवर नुसतं 'बुक बाईंडिंग' एवढंच लिहिलंय, त्यामुळे नाव सांगता येणार नाही पण गल्लीत कुणालाही बाईंडिंगवाले काका म्हणून विचारा, लगेच दाखवतात. मी त्यांच्याकडून एक पुस्तक दोन भागात बांधून घेतलं, दोन्हीचे मिळून ७०० रुपये झाले, आणि मनापासून सांगते, इतकं नीट केलेलं काम मी बऱ्याच वर्षांत हातात घेतलं नव्हतं.

आता पुस्तक कुठलं आणि ते असं बांधून घ्यायची वेळ का आली ते आधी सांगते. आमची आई ७९ वर्षांची, रिटायर्ड स्टाफ नर्स, आम्ही शरणपूरकडचे, चर्चमध्ये तिने चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलं. नाताळच्या आधी महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की बायका पाळक, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, कधीपासून व्हायला लागल्या, आणि बोलता बोलता सगळ्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे पाळकबाई म्हटलं की डोळ्यासमोर येते पाळकसाहेबांची मिसेस, मग जी स्वतः व्यासपीठावरून संदेश देते, बाप्तिस्मा देते, प्रभुभोजन म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस देते तिला काय म्हणायचं हे कुणालाच पटकन सुचेना. आई घरी आली ती हाच प्रश्न घेऊन. मी मोबाईलवर शोधून तिला ॲना हॉवर्ड शॉबद्दल वाचून दाखवलं, १८८० मध्ये अमेरिकेत मेथडिस्ट प्रोटेस्टंट चर्च या ख्रिस्ती पंथात पाळकपदाची दीक्षा मिळालेली बाई, तिने स्वतःची जीवनकथा लिहिलीय, 'द स्टोरी ऑफ अ पायोनिअर', १९१५ साली आली. आई म्हणाली मला असे तुकडे नको वाचून दाखवू, अख्खं पुस्तक पाहिजे, हातात धरून वाचायचंय.

कॉपीराइट केव्हाच संपलाय म्हणून हे पुस्तक नेटवर फुकट मिळतं, आणि त्याच कारणाने कुणीही उठून ते छापतं पण. मी आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलं तर काय आलं, मशीनने स्कॅन केलेली चुकीची अक्षरं, ओळी मध्येच तुटलेल्या, मूळ पुस्तकात फोटो आहेत त्यांच्या जागी काळे चौकोन, अक्षर इतकं बारीक की माझेच डोळे दुखले, आणि पाठीला नुसता गोंद फासलेला त्यामुळे तिसऱ्या दिवशी मधली पानं गठ्ठ्याने हातात. आईची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीयेत, तिला ते दाखवायलाही नको वाटलं. परत केलं, पैसे मिळाले.

मग मी फाईल घेऊन अक्षर मोठं केलं, १६ पॉइंट, प्रिंट काढले आणि सुट्या कागदांचा गठ्ठा घेऊन काकांकडे गेले. वाटलं देऊन टाकू आणि चार दिवसांनी घेऊन येऊ. काकांनी गठ्ठा हातात घेतला, अंगठ्याने पानं सोडून बघितली आणि म्हणाले, "ताई, हे सुटे कागद आहेत, याला मी गोंदच लावू शकतो, आणि गोंदाचं पुस्तक म्हातारं माणूस मांडीवर उघडं ठेवून वाचू शकत नाही, सारखं मिटतं. शिवायचं असेल तर परत प्रिंट मारावं लागेल." मी त्यांना आईबद्दल काहीच बोलले नव्हते, एवढं मोठं अक्षर बघून त्यांनीच ओळखलं.

त्यांनी रद्दी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने काढून दाखवलं, चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडायचे, त्याचा एक जुज, सोळा पानांचा, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला सोळावं आणि पहिलं पान शेजारी शेजारी आलं पाहिजे आणि मागे दुसरं आणि पंधरावं. झेरॉक्सवाल्याला सांगा बुकलेट मार म्हणून, त्याला कळतं. आणि वर अजून एक गोष्ट सांगितली जी मला आजवर कुणी सांगितली नव्हती, की ए फोर कागद असा दुमडला की कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, आडवा येतो, घडी चरचरते आणि उघडल्यावर पानं ताठ उभी राहतात, म्हणून ए थ्रीचा कागद आणून मधोमध कापायचा, मग धागा घडीच्या दिशेने येतो आणि पान आपोआप पडतं. ए थ्री त्यांनीच आणला, त्यांच्याच मशीनवर कापून दिला, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, कागदाचे फक्त. असे ३० जुज झाले, १५ पहिल्या भागात आणि १५ दुसऱ्या.

दुसऱ्यांदा प्रिंट घेऊन गेले तेव्हा दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, त्यांनी बसायला स्टूल दिलं आणि मी तासभर बसून बघितलं. दाभणाने घडीवर भोकं पाडायची, दोऱ्याला मेण लावायचं, एक जुज शिवून झाला की त्याच्यावर दुसरा ठेवून टाका खालच्याला अडकवायचा. खळ त्यांची स्वतःची, मैद्याची, त्यात मोरचूद घालतात म्हणजे कसर लागत नाही, डब्यात हिरवट दिसते. शिवता शिवता विचारलं, कुणाचं पुस्तक आहे हे. मी सांगायला लागले आणि ते ऐकत राहिले, मध्ये मध्ये हात थांबवून.

बाईचा जन्म १८४७ चा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा, चार वर्षांची असताना घरचे अमेरिकेला आले. ती बारा वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी मिशिगनच्या जंगलात जमीन घेतली, ओंडक्यांचं एक खोपट उभं केलं आणि बायको-पोरांना तिथे पाठवून स्वतः नोकरीसाठी मागेच राहिले. ही मंडळी बैलगाडीसारख्या गाडीतून दिवसचे दिवस प्रवास करून पोचली तर खोपटाला दाराखिडक्यांच्या जागी नुसती भोकं, आत मातीची जमीन. तिची आई आत गेली, एकदा सगळीकडे बघितलं आणि जमिनीवर बसली ती कितीतरी वेळ हललीच नाही, तोंड हातात. हे ऐकून काकांनी दोरा खाली ठेवला. पुस्तकातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं पान हेच, कारण पुढे या मुलीने जे केलं त्याच्या मुळाशी ते खोपट आहे, विहीर खणणं, झाडं तोडणं, पंधराव्या वर्षी शाळेत शिकवायला जाणं, आणि मधल्या वेळात जंगलात बुंध्यावर उभं राहून झाडांना प्रवचन देणं.

प्रत्यक्ष पहिलं प्रवचन तिने १८७० मध्ये दिलं, ॲश्टन नावाच्या गावात. घरच्यांनी सांगितलं प्रवचनं सोड, कॉलेजचा खर्च आम्ही करतो. तिने सोडली नाहीत आणि कॉलेजला स्वतःच्या हिमतीवर गेली, आधी मिशिगनमधलं ॲल्बियन आणि मग बोस्टन युनिव्हर्सिटीत धर्मशास्त्राला. वर्गात ४२ पुरुष आणि ही एकटी. पुरुष विद्यार्थ्यांना राहायला फुकट आणि आठवड्याला सव्वा डॉलरमध्ये जेवण, हिला मात्र आठवड्याचे दोन डॉलर भत्ता, त्यात खोलीचं भाडं काढून पोट भरायचं. माळ्यावरची खोली, थंडी, दूध आणि बिस्किटांवर दिवस. एकदा भुकेने इतकी खचली की जिना चढता येईना म्हणून पायरीवरच बसून राहिली, तिथे बायकांच्या मिशनरी सोसायटीच्या एका बाईने तिला बघितलं, विचारपूस केली आणि तिच्या खाण्यापिण्याची सोय लावून दिली. आई हे वाचताना थांबली आणि मला म्हणाली, मी प्रोबेशनर, शिकाऊ नर्स, होते तेव्हा आमच्या हॉस्टेलला पण जिना होता. एवढंच बोलली. पुढे काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

१८७८ मध्ये डिग्री मिळाली आणि केप कॉडवरच्या ईस्ट डेनिस गावात पाळक म्हणून गेली. तिथे मंडळी म्हणजे चर्चचे लोक तिचेच, उपासना तीच घेणार, आजाऱ्यांकडे तीच जाणार, पण दीक्षा नाही म्हणून बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन द्यायला दुसरा दीक्षित माणूस बोलवायचा. आपल्या हातून वाढलेल्या मंडळीला आपल्या हाताने भाकर द्यायची नाही, हे आईला फार खोल कळलं, तिने त्या पानाशी कागदाची खूण घालून ठेवलीय. १८८० मध्ये शॉ आणि तिच्यासारखीच शिकलेली ॲना ऑलिव्हर, दोघींनी मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चकडे दीक्षा मागितली. नाही म्हणाले. सिनसिनाटीला भरलेल्या जनरल कॉन्फरन्सने, म्हणजे त्या चर्चच्या सर्वोच्च सभेने, नुसतं नाही म्हटलं नाही तर बायकांना दिलेली प्रवचन करायची लायसन्सं पण काढून घेतली. ॲना ऑलिव्हर त्याच चर्चमध्ये राहून लढत राहिली, शॉ मेथडिस्ट प्रोटेस्टंट या वेगळ्या चर्चकडे गेली आणि १२ ऑक्टोबर १८८० ला न्यूयॉर्क राज्यातल्या टॅरीटाउनला तिची दीक्षा झाली. त्याही चर्चने १८८४ मध्ये ही दीक्षा नियमात बसत नाही असा ठराव केला, पण ही आपल्या मंडळीचं काम करतच होती. आणि पाळक असतानाच मेडिकल शिकत होती, १८८६ मध्ये डॉक्टर झाली. आई नर्स, त्यामुळे हे वाचून ती दिवसभर खूश.

पुढचं सगळं बायकांच्या मतदानाच्या चळवळीचं आहे, चळवळीच्या नेत्या सुसान बी. अँथनी यांच्याबरोबरची वर्षं, १९०४ ते १९१५ राष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपद, तो भाग मला जरा भाषणांचा आणि प्रवासांचा वाटला, आईला पण तिथे एक-दोनदा डुलकी लागली. पण मिशिगनच्या जंगलातला एक किस्सा ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगते: लाकूडतोड्यांच्या वस्तीवर उपासनेला जायचं होतं, रात्रीची वेळ, गाडीवाला घाणेरडं बोलायला लागला आणि धमकी द्यायला लागला, तेव्हा हिने पर्समधून रिव्हॉल्व्हर काढून त्याच्या पाठीवर रोखलं आणि तसंच रात्रभर गाडी हाकायला लावली. सकाळी पोचली आणि उपासना घेतली. आईने रात्रपाळ्या करून शहरभर एकटीने ये-जा केलीय, तिला हा किस्सा सांगताना बघायला पाहिजे.

पुस्तक १९१५ ला संपतं. शॉ २ जुलै १९१९ ला गेली, त्याच्या महिनाभर आधी मतदानाचा ठराव अमेरिकन काँग्रेसने मंजूर केलेला तिला बघायला मिळाला, अंमल व्हायला १९२० उजाडलं. आणि मेथडिस्ट चर्चने बायकांना पाळकपदाचे पूर्ण हक्क दिले ते १९५६ मध्ये, कोरियात मिशनरी असलेल्या मॉड कीस्टर जेन्सन यांना ते सगळ्यात आधी मिळाले, आणि पहिली बाई बिशप १९८० ला, मार्जोरी मॅथ्यूज. हे मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काकांना दिलं होतं आणि सांगितलं होतं दुसऱ्या भागाच्या शेवटी लावा. त्यांनी चिकटवला नाही, शेवटच्या जुजात घालून शिवला, म्हणाले चिकटवलेला सुटला असता.

आता जे नीट नव्हतं ते पण सांगते. दहा दिवस सांगून वीस दिवस लावले, शाळांच्या रजिस्टरचं काम आलं होतं म्हणे, आणि फोन उचलत नाहीत, प्रत्येक वेळी जाऊनच विचारावं लागतं, तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही हे नाशिककरांना सांगायची गरज नाही. दुसऱ्या भागाच्या पुठ्ठ्यावरचं नाव किंचित तिरकं बसलंय. मी दाखवलं तर म्हणाले ठेवून जा, काढून परत लावतो, पण आई पहिला भाग संपवून वाट बघत होती म्हणून मी तसंच उचलून आणलं.

बाकी काम बघाल तर कण्याला जाड कापड, वर गडद लाल रेक्झीन, कडा सारख्या कापलेल्या आणि समास नीट राखलेला. मुख्य म्हणजे आई जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडं ठेवते, चष्मा पुसते, चहाचा घोट घेते, आणि पान जिथल्या तिथे पडून राहतं, हाताने दाबावं लागत नाही. दोन भाग केल्यामुळे वजन पण हलकं, रात्री झोपताना छातीवर धरता येतं. तिच्या उशाशी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र कायम असतं, आता त्याच्या शेजारी हे दोन लाल भाग आलेत.

पैसे रोख द्यायचे, यूपीआय नाही. सकाळी अकराच्या पुढे जा, आणि शिवून पाहिजे असेल तर प्रिंट काढायच्या आधीच एकदा त्यांना भेटा म्हणजे माझ्यासारखे दोनदा प्रिंटचे पैसे जाणार नाहीत. मी शनिवारी परत जातेय, आईचं गीतांचं जुनं पुस्तक घेऊन, त्याचा कणा सुटलाय आणि मधले काही जुज लोंबतायत, आणि आईने बजावून सांगितलंय की काकांना म्हणावं कडा कापू नका, कडेला पेन्सिलीने तारखा लिहिल्यात.