खिशातला, कमरेचा की लोहाराचा? खान्देशात चाकू घेण्याआधी

परवा भाच्याचा फोन आला. धुळ्यात नोकरीला लागलाय, चार मित्र जमवून शनिवार-रविवार सातपुड्यात हिंडतो. म्हणाला, "मामा, चाकू घ्यायचाय. असा सांगा की रोज खिशात बसेल आणि जंगलात वेळ आली तर जीवपण वाचवेल." सोबत तीन फोटो. तिन्ही काळेकुट्ट, पाठीवर करवतीचे दात, एकाच्या मुठीच्या टोपणात होकायंत्र.

होकायंत्रवाला मी स्वतः वापरलाय, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका यात्रेतल्या दुकानात घेतला होता. पोकळ मूठ, तिच्यात काड्या, गळ, दोरा. तोरणमाळला यशवंत तलावाच्या बाजूला शेकोटीसाठी धावड्याची वाळकी फांदी तोडायला बसलो. तिसऱ्या घावाला पातं मुठीतून निसटलं आणि कानाजवळून झुडपात गेलं. मूठ हातात, होकायंत्र शाबूत. उत्तर कुठे आहे ते कळत होतं, चाकू कुठे आहे ते नाही. मूठ पोकळ ठेवायची म्हटल्यावर पात्याचं शेपूट जेमतेम बोटभर आत जातं आणि एका नटावर सगळा भार येतो. असं दुसरं काय होणार?

तेव्हापासून चाकू हातात आला की मी आधी पातं मुठीत कुठवर गेलंय ते बघतो. पोलादाचं नाव नंतर. शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असेल तर उत्तम, निम्म्याहून बरंच पुढे गेलं असेल तरी चालतं. पाठीवरच्या करवतीच्या दातांनी मी आजवर एकही लाकूड कापू शकलेलो नाही. उलट ज्या पाठीवर अंगठा टेकवायचा किंवा सोट्याने ठोकायचं, तीच जागा ते खराब करतात. म्हणून भाच्याचे तिन्ही फोटो बाद.

उरले चार: कमरेला लावायचा मोरा, खिशातले ओपिनेल आणि व्हिक्टोरिनॉक्स, आणि आपल्या लोहाराचा विळा-कोयता. चारही माझ्या वापरातले आहेत.

कमरेचा

मोरा म्हणजे स्वीडनमधल्या मोरा गावचा चाकू. त्यातला 'कंपॅनियन' सगळ्यात साधा: पातं साधारण १०.४ सेंटिमीटर, जाडी २.५ मिलिमीटर, रबरी पकडीची मूठ, प्लास्टिकचं म्यान. दिसायला शाळेच्या कंपासपेटीतून आल्यासारखा. त्याची खरी कमाल धारेच्या उतारात आहे. पात्याच्या दोन्ही अंगांना एकेकच रुंद, सपाट उतार असतो. तो दगडावर टेकवला की कोन आपोआप सापडतो, अंदाज बांधावा लागत नाही. ज्याने कधी चाकूला धार लावलेली नाही त्यालाही हा पहिल्या तासाभरात जमतो. लाकडाच्या पातळ साली काढून विस्तवासाठी झुपका करायचा, तंबूची खुंटी टोकदार करायची, मासा साफ करायचा, या कामांत चारांपैकी दुसरा कुणी त्याच्या जवळ येत नाही.

मर्यादाही माहीत असाव्यात. कंपॅनियनचं शेपूट मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. मनगटाएवढी सागाची वाळकी फांदी पात्याच्या पाठीवर ठोकून उभी चिरता येते, मी चिरलीय. पण अंजनाच्या वाटेला जायचं नाही. आपल्याकडच्या डोंगरांतलं हे झाड भारतातल्या सगळ्यात कठीण आणि जड लाकडांत मोडतं. पातं त्यात रुतलं की पुढे तुम्ही ठोकत राहता आणि लाकूड हसत राहतं. असली कामं चाकूनेच करायची असतील तर त्याच कंपनीचा 'गार्बर्ग' आहे, ३.२ मिलिमीटर जाडीचा, शेपूट पार टोकापर्यंत. किंमत मात्र कंपॅनियनच्या कितीतरी पट. त्यातला थोडाच पैसा खर्चून कोयता घ्यावा असं माझं मत, त्यावर पुढे येतोच.

कंपॅनियन गंजणाऱ्या कार्बन पोलादात मिळतो आणि स्टेनलेसमध्येही. चाकूप्रेमी लोक कार्बनवर जीव टाकतात. धार पटकन लागते, तेज येते, हे खरंच आहे. मीही आधी कार्बनचाच घेतला आणि रावेरकडे केळीच्या बागेत नेला. घडाचा दांडा एका कापात तुटला, मजा आली. चीक पात्यावर तसाच राहू दिला आणि बांधावर चहा पीत बसलो. चहा संपेपर्यंत चकचकीत पात्यावर निळे-काळे ढग उमटले होते. चिकाचा चिकट थर वाळून बसला तो वेगळाच, रॉकेलच्या फडक्याने घासावा लागला. काळा डाग म्हणजे गंज नव्हे, तो पात्याला उलट थोडं राखतो. पण त्याच आठवड्यात पाऊस लागला, म्यानात ओल राहिली आणि धारेच्या कडेला खरा, तांबडा गंज धरला. ज्याला रोज पुसून तेलाचं बोट फिरवायचा नाद आहे त्याने कार्बन घ्यावा. केळी, कैरी, लिंबू कापून चाकू तसाच बॅगेत टाकणाऱ्याने स्टेनलेस घ्यावा. भाचा दुसऱ्या जातीचा आहे.

फेरो रॉडवर, म्हणजे घासली की ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीवर, ठिणग्या पाडायला पात्याची पाठ काटकोनात, तीक्ष्ण कडेची लागते. साध्या कंपॅनियनची तशी नसते, कानशीने दहा मिनिटं घासून करून घ्यावी लागते. पण खरं सांगू? खान्देशातल्या जंगलात आगीसाठी चाकूवर कुणाचं काही अडत नाही. भरताची वांगी आपण कपाशीच्या काड्यांवर भाजतो, त्या गुडघ्यावर मोडतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना डोंगरात जो अडचणीत येतो, तो पाण्यावाचून येतो. चाकूसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आधी दोन लिटर जादा पाण्याची सोय करावी, उरले त्यात चाकू.

खिशातले

रोजच्या खिशाचं गणित वेगळं. दिवसभरात मी काय कापतो ते एकदा मोजलं होतं: खताच्या गोणीची शिवण, ठिबकची १६ मिलिमीटरची नळी, सुतळी, कुरिअरचा खोका, एक काकडी, आणि पायातल्या बाभळीच्या काट्याभोवतीचं कातडं. यातल्या एकाही कामाला दहा सेंटिमीटरचं पातं लागत नाही.

ओपिनेल फ्रान्समधल्या सावोय भागाचा. १८९० पासून बनतोय आणि आजही तसाच दिसतो: बीच लाकडाची गोल मूठ, घडीचं पातळ पातं, आणि गळ्याशी फिरणारी पोलादी कडी. ती फिरवली की पातं बंद होत नाही. ही कडी १९५५ मध्ये आली. आठ नंबरचा माप बरोबर बसतो, पातं ८.५ सेंटिमीटर, वजन खिशाला कळतही नाही. कापण्यात हा चौघांत सगळ्यात गोड. टोमॅटोची चकती, टरबुजाची फोड, भाकरीबरोबरचा कांदा, सगळं लोण्यासारखं.

त्याची एकच खोड, आणि ती आपल्या हवेत दुप्पट होते. मूठ उघड्या लाकडाची असल्याने हवेतली ओल पिते. जुलैत तोरणमाळला धुक्यात दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी पातं बाहेरच येईना. नखाची खाच नुसती दिसत होती. मग सावोयच्या लोकांची युक्ती केली: कडी मोकळी करून मुठीचा मागचा टोक दगडावर ठोकायचा, पातं झटक्याने जरा वर येतं, मग चिमटीत धरायचं. तोच चाकू एप्रिल-मेमध्ये इतका सुकतो की पातं खिशात सैल पडतं. मुठीला जवसाचं तेल पाजलं की फरक पडतो, पण खोड जात नाही. पाऊस आणि चिखलात फार राहणाऱ्याने हा दुसरा चाकू म्हणून ठेवावा, एकुलता एक म्हणून नको.

व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू चाकू म्हणून या सगळ्यांत कच्चा. नेहमीच्या ९१ मिलिमीटरच्या मॉडेलचं मोठं पातं सहा सेंटिमीटरच्या आसपास, पोलाद मवाळ, धार लवकर जाते आणि लवकर लागतेही. मोठी उणीव म्हणजे या मापात पातं अडकवणारी कुठलीच सोय नाही. ठिबकच्या जाड पाईपला टोकाने भोक पाडायचा आगाऊपणा मी केला होता. पातं मागे मिटलं ते थेट तर्जनीवर. तीन टाके. भोक पाडायला त्यातच वेगळी टोचणी दिलेली आहे, हे टाके घालून घेताना आठवलं.

तरीही गेली दहाएक वर्षं माझ्या खिशात हाच आहे. कारण त्याची कात्री, आणि मुठीत लपलेला तो इवलासा चिमटा. बाभळीचा काटा आत मोडला की जगातला कुठलाही सर्व्हायव्हल चाकू तुमच्या उपयोगाचा नाही, तो चिमटा आहे. लाकडाची करवत असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्यावं. ती करवत अंगठ्याएवढी फांदी आठ-दहा हिसक्यांत उतरवते, काळ्या चाकूच्या पाठीवरच्या दातांना ती लाज आणेल. आणि लाल चाकू बँकेत, एसटीत, लग्नाच्या मांडवात बाहेर काढला तरी कुणी दचकत नाही.

लोहाराचा

आपल्याकडे गाडीलोहारांची पालं आठवडे बाजाराच्या कडेला दिसतात. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून ते कोयते-विळे घडवतात. कमानपाटा म्हणजे स्प्रिंगचं पोलाद. वाकतं, मोडत नाही, कोयत्याला याहून चांगलं काय हवं. सगळा खेळ पाणी देण्यात, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कठीण करण्यात आहे. धारेला पाणी नीट बसलं तर वर्षभर निसण्यावर दोन हात मारून भागतं. जास्त बसलं तर धारेचे टवके उडतात, कमी बसलं तर धार वळते. घेताना जुनी कानस खिशात न्यायची आणि धारेवर हलकेच ओढायची. कानस घसरली तर पाणी बसलंय, रुतून भुगा पडला तर परत ठेवायचा. लोहार रागावत नाही. मागे एकाला मी माझा मोरा दाखवला. त्याने तो नखावर घासून बघितला, पाठीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "मूठ प्लास्टिकनी शे, पन लोखंड चांगलं शे."

फांद्या छाटणं, तंबूची जागा साफ करणं, अंजनाशी दोन हात करणं ही कामं कोयत्याची. वजन हाच त्याचा गुण. सफरचंद सोलायला तो निरुपयोगी, कमरेला लावून चढायला त्रासाचा. पण किमतीत एका मोराच्या जागी दोन-तीन येतात आणि मूठ सैल झाली तर पुढच्या बाजारात बसवून मिळते.

वाटेतली माणसं आणि कायदा

भाच्याने हा प्रश्न विचारला नव्हता, पण निवड इथेच ठरते. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, घरकाम, शेती आणि उद्योगासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. वरचे तिन्ही चाकू या मापाच्या पुष्कळ आत आहेत. पण सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यात सुरे आणि काठ्याही असतात. अशा दिवसांत नाक्यावर बॅग उघडायला लावली आणि आत काळा, दातेरी चाकू निघाला, तर तो सफरचंदासाठी आहे हे पटवत बसावं लागतं. सायकलला विळा अडकवून शेतावर निघालेल्याला कुणी थांबवून विचारत नाही. खटक्याच्या चाकूचं तर नावच काढू नये.

आणि अभयारण्य. यावल असो, अनेर असो की चाळीसगावजवळचं गौताळा, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकू नाव घेऊन घातलेला आहे, आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. पाल गावाच्या बाजूने यावल अभयारण्यात शिरायचं असेल तर मोरा आणि कोयता घरी. नाक्यावर वनरक्षकाला विचारून, तो म्हणेल तसं वागायचं. विमानात केबिनच्या बॅगेत तर लाल चाकूही जात नाही. माझा एक असाच सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये राहिलाय.

भाच्याला शेवटी सांगितलं: करवतवाला व्हिक्टोरिनॉक्स घे, तो रोज खिशात ठेव. ओपिनेल हवाच असेल तर दिवाळीनंतर, हवा सुकली की. मोरा विकत घेऊ नकोस, माझा स्टेनलेसवाला आहे, तो दोन मुक्काम वापरून बघ आणि खरंच किती वेळा म्यानातून निघतो ते मोज. कोयता गाडीच्या डिकीत असतोच. फक्त आणून देताना म्यान धुऊन, उन्हात वाळवून आण. मागच्या वर्षी नेलेली माझी कुदळ अजून परत आलेली नाही.