एनपीटीईएल : फुकट व्याख्याने आणि न टळणारी तारीख

आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या अभ्यासक्रमांना नाव घालायला पैसे पडत नाहीत. चार, आठ किंवा बारा आठवड्यांची व्याख्याने आणि दर आठवड्याचा स्वाध्याय मोफत असतो. प्रमाणपत्र हवे असेल त्यानेच परीक्षेचे साधारण हजार रुपये भरायचे.

व्याख्याने चांगलीच आहेत, पण चांगल्या फुकट व्याख्यानांचा आज तुटवडा नाही. महाविद्यालयात शिकवताना मला या सेवेत सर्वांत मोलाची वाटते ती स्वाध्यायाची मुदत. तारीख उलटली की विनवण्या चालत नाहीत. मात्र आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम सहा स्वाध्यायांचेच गुण धरतात, त्यामुळे घरचे लग्न किंवा आजारपण यांपायी एखादा आठवडा बुडालेला विद्यार्थी तेवढ्यावरून बाद होत नाही. पहिल्या आठवड्यातला उत्साह चौथ्यापर्यंत ओसरतोच, आणि अशा वेळी टिकून राहायला ही सवलत फार उपयोगी पडते.

टिकून राहणारा मन लावून शिकतोच असे मात्र नाही. बहुतेक स्वाध्याय बहुपर्यायी असून त्यांची उत्तरे मुदतीआधीच यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरू लागतात. स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असल्याने नक्कल करणारा शेवटी बहुधा उघडा पडतो, पण तोवर आठवडे वाया गेलेले असतात. प्रोग्रामिंगचे अभ्यासक्रम याबाबतीत सरस आहेत. तिथे विद्यार्थ्याचा प्रोग्राम वेगवेगळ्या माहितीवर चालवून तपासतात; यांतल्या काही चाचण्या विद्यार्थ्याला दिसतात, तर काही झाकलेल्या असतात. दिसणाऱ्या सगळ्या पार करूनही गुण का कापले, असे विचारत एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली, तेव्हा रिकामी यादी दिल्यावर तिचा प्रोग्राम कोलमडतो हे आम्ही दोघांनी मिळून शोधले. तिचा त्या विषयाचा खरा अभ्यास त्या दुपारी सुरू झाला, असे मी म्हणेन.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी ‘स्वयम’वरून, म्हणजे एनपीटीईएलचे अभ्यासक्रमही जिथे असतात त्या सरकारी ऑनलाइन मंचावरून, ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) घेण्याची मुभा दिल्यापासून एका सत्रात तीन-तीन अभ्यासक्रम उरकण्याची टूम निघाली आहे. माझी शिफारस एकाच अभ्यासक्रमाची, आणि तोही आपल्या महाविद्यालयात शंका विचारायला कोणी असेल असाच.