नागदेवीचं ६८०५ बेअरिंग माझ्या एमटीबीच्या बीबीत: एका पावसाळ्यानंतरचा रिव्ह्यू

घाईत असाल तर एवढंच वाचा: मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून माझ्या एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) बीबीसाठी, म्हणजे बॉटम ब्रॅकेटसाठी, ज्यावर क्रँक फिरतो त्या भागासाठी, आणलेलं बेअरिंग मस्त निघालं, पैसे वसूल, पुढच्या वेळी पण हेच आणणार. पण जुनं बेअरिंग कपातून ओढून काढायला पुलर मिळणार नसेल तर या भानगडीत पडू नका, सरळ नवा बीबी घ्या.

आता सविस्तर. सायकल ॲल्युमिनियम फ्रेमची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) आहे, बीबी शेल, म्हणजे फ्रेममधली बीबी बसायची नळी, ७३ एमएमचा आणि आट्यांचा, म्हणजे बीएसए, क्रँक शिमानोच्या होलोटेक टू टाइपचा, २४ एमएमचा पोकळ स्पिंडल (मधला दांडा) आणि बेअरिंग फ्रेमच्या बाहेर दोन कपांत बसवलेली. मुलुंडला राहतो, रविवारी पहाटे येऊर ठरलेलं, मधे सुट्टी मिळाली तर पवईवरून आरे, आणि पावसाळ्यात पण चालवतो कारण येऊरचा चढ जुलैत जो असतो तो मे महिन्यात नसतो. पण मुंबईचा पाऊस बीबीला दोन्हीकडून धरतो. रस्त्यावर गुडघ्याएवढं पाणी साचलं की बीबी अख्खा बुडतो हे सगळ्यांना दिसतं, पण वरून सीटपोस्टच्या फटीतून पाणी सीट ट्यूबमधून खाली उतरतं आणि शेलमधे साचून राहतं हे लवकर कुणाच्या लक्षात येत नाही. पावसात चालवून आलात की सीटपोस्ट काढा आणि सायकल उलटी करून ठेवा, माझ्या सायकलमधून पहिल्यांदा केलं तेव्हा वाटीभर तरी तांबूस पाणी निघालं. आणि गाडी धुवायच्या जेट पंपाखाली सायकल कधीही धरू नका, तो फवारा सीलच्या आत माती घालतो आणि ग्रीस बाहेर काढतो.

तर मागच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर चढावर जोर दिला की कटकट आवाज यायला लागला. आवाज आला की बीबीच गेला असं लगेच धरू नका, मी आधी पेडल काढून आटे पुसून ग्रीस लावलं, चेनरिंगचे बोल्ट आवळले, सीटपोस्ट साफ केला, तरी आवाज तसाच. मग चेन चेनरिंगवरून उतरवून क्रँक मोकळा फिरवला आणि एक हात फ्रेमवर ठेवला, हाताला सरळ खरखर जाणवली, जात्यात वाळू गेल्यासारखी. क्रँक आर्म धरून आतबाहेर हलवला तर टकटक प्ले, म्हणजे ढिलेपणा. पेडल धरून हलवू नका, पेडलच्या बेअरिंगचा प्ले असला तर फसायला होतं.

जवळच्या एका दुकानात नेली. त्यांनी उजवा कप उलट्या दिशेने फिरवायचा प्रयत्न केला, टूल सटकलं, कपाच्या चार खाचा गोल झाल्या, आणि वर मला सांगितलं की कप जाम झालाय, क्रँकसेट सकट सगळं बदलावं लागेल. मला याचा खरंच राग आला, कारण माणूस तिथे विश्वासाने सायकल ठेवून जातो आणि हा काही फार मोठा अभ्यास नाही. बीएसएमधे उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे उजवा कप सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. माझी लक्षात ठेवायची पद्धत अशी: सायकलच्या कुठल्याही बाजूला उभे राहा, टूल बारा वाजता वर उभं धरा, पुढच्या चाकाकडे ओढलं की सुटतं, मागच्या चाकाकडे ओढलं की आवळतं, दोन्ही बाजूंना हाच नियम. इटालियन शेल असेल तर हे लागू नाही, पण एमटीबीत तो बहुतेक भेटत नाही. घरी आणून रात्रभर भेदक तेल मारून ठेवलं, सकाळी ४४ एमएमचं सोळा खाचांचं टूल लावलं आणि कप सुटला.

बाबांच्या जुन्या काळ्या सायकलला कॉटर पिनचा क्रँक होता, त्यात सुटे छर्रे, पाव इंची, एका बाजूला ११. दरवर्षी ओव्हरऑइलिंगला सगळं उघडायचं, रॉकेलमधे धुवायचं, छर्रा खराब दिसला तर तेवढाच बदलायचा. होलोटेक टूमधे कंपनीच्या हिशोबाने कप आणि बेअरिंग मिळून एकच पार्ट, गेला की अख्खा बदला. पण आतलं बेअरिंग बघितलं तर बऱ्याचदा साधं स्टँडर्ड मापाचं असतं, माझं ६८०५, म्हणजे आतून २५, बाहेरून ३७, रुंदी ७ एमएम. २५चं भोक आणि २४चा स्पिंडल यातला फरक प्लॅस्टिकची एक पातळ टोपी भरून काढते, ती सुटी सहजासहजी मिळत नाही, म्हणून जपून काढायची. तुमच्यात दुसरं माप असू शकतं म्हणून आधी व्हर्नियरने मोजा.

नागदेवी स्ट्रीट माहीत नसलेल्यांसाठी, मशीद स्टेशनला पश्चिमेला उतरून चालत जायचं, गल्लीभर बेअरिंग, बेल्ट, नटबोल्ट, टूल्स. मी जुनं बेअरिंग खिशात घालूनच गेलो होतो, कारण तिथे "सायकलच्या बीबीचं द्या" म्हणून कुणाला कळत नाही, नंबर सांगायचा. नंबरापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पुढची अक्षरं. टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, हेच हवं. झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं, ती धूळ थोडीफार अडवतात, पाणी नाही, आपल्याकडच्या पावसात निरुपयोगी. बेअरिंगच्या कंपन्यांपैकी एनटीएनमधे एलएलयू आणि एनएसकेमधे डीडीयू म्हणजे आतल्या रिंगला टेकणारं रबरी सील, एलएलबी किंवा व्हीव्ही म्हणजे रबर आहे पण टेकत नाही, फिरायला हलकं पण पाण्याला कच्चं. एसकेएफमधे ह्याच मापाला ६१८०५ म्हणतात. मागे एकदा हबसाठी दुसऱ्याच एका दुकानातून नामांकित म्हणून घेतलेलं बेअरिंग दोन महिन्यांत गेलं होतं, नंतर डबा नीट बघितला तर छपाई पुसट, तेव्हापासून मी डबा, रिंगवरचा कोरलेला नंबर आणि बिल तिन्ही बघितल्याशिवाय पैसे देत नाही. एसकेएफचं तर त्यासाठी ऑथेंटिकेट नावाचं ॲपच आहे. ह्या वेळच्या शेठनी स्वतःहून दोन क्वालिटी समोर ठेवल्या, हातात फिरवून बघू दिलं, बिल दिलं. जोडीला नव्या बीबीच्या जवळपास निम्मे पैसे लागले.

खरा घाम काढण्यात गेला. कपाला आतून कड असते त्यामुळे मागून पंच घालून ठोकता येत नाही, आतल्या रिंगमधे फुगणारा ब्लाइंड पुलर लागतो, सायकलच्या दुकानात मला कुठे मिळाला नाही पण नाक्यावरच्या बाइक गॅरेजवाल्या दादांकडे होता. त्यांनी दोन मिनिटांत दोन्ही काढून दिली आणि पैसे घेईनात, मग चहा पाजला.

नवीन बेअरिंग आहे तसं बसवू नका. कारखान्यात ग्रीस मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरतात, कारण मोटरमधे हजारो आरपीएमला जास्त ग्रीस तापतं. आपले पाय मिनिटाला साठसत्तर, फार तर नव्वद फेरे मारतात, तापायचा प्रश्नच नाही, उलट जागा भरलेली असली की पाण्याला शिरायला वाव राहत नाही. मी शिवणाच्या सुईने सील कडेने अलगद उचललं (आतल्या रिंगच्या बाजूने खुपसलं तर सीलचा ओठ फाटतो), बोटीच्या ट्रेलरला वापरतात ते मरीन ग्रीस गच्च भरलं आणि सील दाबून बसवलं. फिरवताना थोडं जड लागतं, चालवताना काही कळत नाही.

बसवायला थ्रेडेड रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि जुनं बेअरिंग एवढंच. बेअरिंग तासभर फ्रीजरमधे, कप गरम पाण्यात, मग कप कोरडा पुसून रॉडने हळूहळू आवळत नेलं. दाब फक्त बाहेरच्या रिंगवर पडला पाहिजे, आतल्या रिंगवर पडला तर छर्रे रेसमधे (ज्या खोबणीत ते फिरतात तिच्यात) रुततात आणि बेअरिंग पहिल्या दिवशीच मेलं समजा. हातोडी तर नकोच. गोल झालेल्या चार खाचा कानशीने जरा साफ केल्या, बाकीच्या बारा पकडतात.

फ्रेमवर चढवताना आटे ब्रशने साफ, ग्रीस, ७३च्या शेलला उजवीकडे एक २.५ एमएमचा स्पेसर, कप ३५ ते ५० न्यूटन मीटर. डावा आर्म लावताना ती प्लॅस्टिकची प्रीलोड कॅप लोक जोर लावून आवळतात, तिथे ०.७ ते १.५ न्यूटन मीटर पुरे, म्हणजे बोटांनी, तिचं काम फक्त प्ले काढणं. जास्त आवळली तर साइडचा लोड येऊन बेअरिंग लवकर संपतं. मग आर्म स्पिंडलवर आवळणारे दोन्ही पिंच बोल्ट आलटून पालटून १२ ते १४ न्यूटन मीटर.

मे महिन्यात बसवलं, जून ते सप्टेंबर नेहमीसारखं चालवलं, तीनदा बीबी पाण्याखाली गेला. परवा क्रँक काढला. उजवं बेअरिंग जसंच्या तसं, ग्रीस पण स्वच्छ. डाव्याचं ग्रीस पांढुरकं झालं होतं, म्हणजे पाणी शिरलंय, पण छर्रे चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. शिरलं कुठून तेही कळलं, जुनं काढताना डाव्या प्लॅस्टिक टोपीची कड माझ्याकडून वाकली होती, ती सीलवर नीट टेकत नव्हती. बाहेरचं सील कप फ्रेमवर असतानाच निघतं, धुऊन, वाळवून परत ग्रीस भरलं, वीस मिनिटांत झालं. टोपी एका मित्राच्या टाकून दिलेल्या बीबीतून मिळाली.

जाणार असाल तर शनिवारी दुपारच्या आत जा, रविवारी गल्ली बंद असते, जुनं बेअरिंग बरोबर न्या, आणि घेताना एकाऐवजी दोन जोड्या घ्या.