जुना प्लॅटफॉर्म गेम नव्याने लिहायचाय: स्पेक्ट्रम की कमोडोर ६४?

उड्या मारणारा नायक, हिरवे पाइप, विटांचे ठोकळे आणि उजवीकडून सरकत येणारा पडदा. असा गेम जुन्या घरगुती संगणकासाठी लिहायचा म्हटलं की प्रश्न बहुतेक स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ या दोघांपाशीच येऊन थांबतो. दोन्ही १९८२ ची यंत्रं. परभणीत ती प्रत्यक्ष हाताला लागणं अवघड, म्हणून मी एकच लेव्हल दोन्हींच्या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, बसवून पाहिली.

आपल्याकडे तंत्रनिकेतनात ८०८५ हा प्रोसेसर शिकलेल्याचा पाय आधी स्पेक्ट्रमकडे वळतो. माझाही वळला. त्यातला झेड८० प्रोसेसर हा ८०८५ च्या पूर्वजाचा, ८०८० चाच विस्तार. एचएल ही रजिस्टरांची (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागांची) जोडी, स्टॅक, सगळं ओळखीचं, सूचनांची नावं तेवढी बदलतात. कमोडोरच्या ६५१० या प्रोसेसरमध्ये ए, एक्स, वाय एवढीच कामाची रजिस्टरं. कोड लिहिण्याच्या सुखात स्पेक्ट्रम मला आजही पुढे वाटतो.

पण रंग! स्पेक्ट्रमवर ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटीत दोनच रंग मावतात. लाल टोपीवाला पाइपसमोरून गेला, तेव्हा शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, ह्याचं तोंड हिरवं कामून झालं?" नायकाचा रंग चौकटीवर लादला, तर पाइपचाच तुकडा लाल व्हायला लागला. यावर काळी पार्श्वभूमी हा जुना उपाय आहे. १९८३ च्या मॅनिक मायनरला ती शोभते, कारण तो याच यंत्रासाठी, एका पडद्यात मावणाऱ्या गुहांचा गेम आहे. निळ्या आभाळाखालचा गेम काळा केला की त्याचा जीवच जातो, निदान माझ्यापुरता तरी.

कमोडोरवर हे दुखणं नाही. २४ बाय २१ पिक्सेलचे ८ हार्डवेअर स्प्राइट, म्हणजे चिपच स्वतः काढते अशी हलती चित्रं, मागच्या चित्राला धक्का न लावता फिरतात. त्रास तिथेही आहे. चिप पडदा ७ पिक्सेलपर्यंतच सरकवते. पुढे हजार अक्षरं (पडदा ज्यांनी भरतो ते छोटे ठोकळे) आणि तेवढेच रंग आपणच हलवायचे. अक्षरांची दुसरी प्रत आधी तयार ठेवता येते, रंगांची मेमरी मात्र एकाच जागी पक्की. त्यामुळे ती एका फ्रेममध्ये, पडदा रंगत जाईल त्याच्या मागोमाग हलवावी लागते. जमिनीच्या ओळी एकाच रंगात ठेवल्या की ओझं बरंच उतरतं. २०१९ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने सुपर मारिओ ब्रदर्स या यंत्रावर आणून दाखवला, तेव्हा हे जमण्यासारखं आहे.

एका पडद्याचा गेम असेल आणि झेड८० येत असेल, तर स्पेक्ट्रम खुशाल घ्या. सरकता, रंगीत गेम असेल तर मात्र ६५१० नव्याने शिकावा लागला तरी कमोडोरच बरा, असं मला वाटतं. फक्त रंग हलवण्याचा भाग सगळ्यात आधी लिहा, लेव्हल नंतर.